डॉन किहोतेला १९१६ मध्ये न्यायचंय? मग घोडा, भाला, पवनचक्की आधी बाजूला ठेवा

ओळखीचं कॅरेक्टर उचलायचं आणि दुसऱ्याच काळात नेऊन ठेवायचं, हे मी बरीच वर्षं करतेय, आणि पहिला प्रयत्न साफ फसला होता म्हणून तिथूनच सुरू करते. आजच्या काळातली एक हेर बाई होती, तिला मी अठराव्या शतकाच्या शेवटी नेली, मोबाइल काढून पत्र दिलं, कार काढून घोडागाडी दिली, नाव बदललं, कपडे बदलले आणि झालं असं वाटलं. वाचायला दिलं तर मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला, हिने सोमवारी पत्र टाकलं आणि बुधवारी समुद्रापलीकडून उत्तर कसं काय आलं? तेव्हा कळलं की माझी अख्खी गोष्ट अजून मोबाइलवरच चालली होती, फक्त त्याला मी पत्र म्हणत होते.

कपडे सगळ्यात शेवटी येतात. सगळ्यात आधी काय येतं ते सांगते.

आधी कॅरेक्टर सोलून घ्या

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे ते लिहायचं जे हा माणूस कुठल्याही काळात स्वतःबरोबर घेऊन जाईल, म्हणजे त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, कुठली गोष्ट तो कधीच करणार नाही, कुठल्या बाबतीत तो स्वतःशी खोटं बोलतो. उजवीकडे जे त्याला त्याच्या काळाने दिलंय ते, धंदा, हत्यार, वाहन, हुद्दा, घर. शंका आली की एकच कसोटी लावायची, ही गोष्ट काढून घेतली तरी हा तोच राहतो का? राहत असेल तर ती उजवीकडे.

हे करताना आपण भरपूर गोष्टी चुकून डावीकडे लिहितो कारण चित्रांत, सिनेमात त्याच डोळ्यासमोर असतात. सर्व्हान्तेसच्या स्पॅनिश कादंबरीतला डॉन किहोते म्हणलं की काय आठवतं? हडकुळा घोडा, भाला, पवनचक्क्या. तिन्ही उजवीकडे! डावीकडे काय आहे बघा, पन्नाशीला टेकलेला माणूस, ज्याने शूरवीरांच्या गोष्टी वाचून वाचून डोकं भरून घेतलंय, आणि ज्याची मनापासून खात्री आहे की जगाला अजून तसल्या वीराची गरज आहे. कादंबरीचा पहिला भाग आला १६०५ मध्ये, आणि त्या वेळीसुद्धा चिलखती वीरांचा जमाना संपलेलाच होता, तो घालतो ते चिलखत पणजोबांच्या वेळचं, गंजलेलं. म्हणजे मूळ गोष्टीतच हा माणूस त्याच्या काळाच्या मागे राहिलेला आहे, तोच त्याचा गाभा आहे. आणि त्याच्या शेजारी सांचो, त्याचा शेतकरी नोकर, मालकाला पवनचक्कीत राक्षस दिसतो तेव्हा ज्याला पवनचक्की पवनचक्कीच दिसते पण मालकाने एक बेट देईन, तिथला सुभेदार करीन असं कबूल केलंय म्हणून जो सोबत चालतोय. डावीकडच्या कागदावर हे नातंसुद्धा लिहा, माणूस एकटा हलवला तर बऱ्याचदा मरतो, जोडी हलवावी लागते.

कधीकधी एखादी गोष्ट उजवीकडची वाटते आणि निघते डावीकडची. शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसन १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन अफगाणिस्तानातून परतलेला असतो. २०१० मध्ये ब्रिटिश टीव्हीवर ही जोडी आजच्या काळात आणली तेव्हा त्यांना तो तपशील बदलावासुद्धा लागला नाही, तोच देश, तीच जखम, तसंच परत येऊन काय करायचं ते न कळणं. टोपी, पाइप, घोडागाडी सगळं गेलं तरी चाललं, लढाईवरून मोडून आलेला डॉक्टर मात्र काढला असता तर चाललं नसतं, कारण होम्सची खोली ज्याला आसरा वाटते तो हाच माणूस.

काळ निवडताना सुंदर काळ शोधू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. मला हा काळ आवडतो, त्यातले कपडे छान आहेत, हे कारण पुरत नाही. डावीकडचा कागद समोर ठेवायचा आणि विचारायचं की हीच गोष्ट कुठल्या काळात या माणसाला सगळ्यात जास्त महागात पडेल.

किहोतेचंच घेऊ. गाभा काय तर संपलेल्या शौर्यावर विश्वास. मग असा काळ हवा जिथे जुनं शौर्य आणि नवं यंत्र समोरासमोर येतात. मी पहिलं महायुद्ध घेतलं. १९१४ मध्ये घोडदळं खरोखर लढाईला निघाली होती, फ्रान्सचे चिलखती घोडेस्वार तर छातीवर पोलादी पत्रा बांधून निघाले, चमकू नये म्हणून वरून कापड चढवून. त्याच वर्षाच्या अखेरीला खंदक, काटेरी तारा आणि मशिनगन यांनी सगळं अडवून टाकलं होतं. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात जे हळूहळू झालं ते इथे काही महिन्यांत झालं.

आता हिशोब जुळवा, आणि हा हिशोब कागदावर करा कारण मनातल्या मनात चुकतो. माझा म्हातारा किहोते १९१६ मध्ये बावन्न वर्षांचा, म्हणजे जन्म १८६४. बाप १८३५ च्या आसपासचा, आजोबा १८०५, पणजोबा १७८० च्या सुमाराचा, म्हणजे नेपोलियनच्या घोडदळात असायला अगदी बरोबर वयाचा. पणजोबांचं गंजलेलं चिलखत जसंच्या तसं मिळालं, ओढूनताणून काही करावं लागलं नाही! असं काही आपोआप जुळलं की समजायचं काळ बरोबर निवडलाय. न जुळलं तरी घाबरू नका पण दोन-चार ठिकाणी ओढाताण करावी लागतेय असं दिसलं तर काळ बदलून बघा, प्लॉट नंतर बदला.

मग तो पुस्तकं कुठली वाचतो, तर पणजोबांच्या लढायांच्या आठवणी. सैन्यात घेतील का, या वयात नाही घेणार, आणि हा नकार फार कामाचा आहे, कारण आता तो स्वतःच्या घोड्यावर स्वतःच निघेल. राहायला कुठे, फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीमागच्या एका खेड्यात.

राहिली पवनचक्की. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी जगात पहिल्यांदा रणगाडे उतरवले. मार्क वन, वजन साधारण २८ टन, आत आठ माणसं, वेग माणसाच्या चालीएवढा. आणि हे गुपित राहावं म्हणून कारखान्यापासूनच त्याला टँक म्हणायचं ठरलं होतं, विचारलं तर पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगता यावं म्हणून. पुढे तेच नाव चिकटलं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. कारण बघा काय होतंय, मूळ गोष्टीत म्हाताऱ्याला राक्षस दिसतो आणि असते पवनचक्की. इथे सगळं जग म्हणतंय की ती पाण्याची टाकी आहे, आणि राक्षस दिसतोय तो एकट्या म्हाताऱ्याला. आणि तो खरा आहे! गोष्ट नुसती दुसऱ्या काळात गेली नाही, ती उलटी झाली, वेडा कोण हेच बदललं. हे शोधायचं असतं. पवनचक्कीच्या जागी रणगाडा हे कुणालाही सुचेल, पण तिथे पोचल्यावर अर्थ तोच राहतोय की फिरतोय हे विचारलं तरच लिहिण्यासारखं काही हाताला लागतं.

मी तो सीन असा लिहिला, पहिला खर्डा आहे, पण कसं करायचं ते कळावं म्हणून देतेय:

पहाटेचं धुकं होतं. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली काहीतरी घराएवढं उभं होतं आणि त्याच्या पोटातून घरघर येत होती. घोडा जागचा हलेना.
"सांचो, ते श्वास घेतंय."
"टाकी आहे मालक. पाण्याची. काल तो शिपाईच सांगत होता, पुढं पोरांना प्यायला पाणी नाही म्हणून."
"पाण्याला इंजिन कशाला लागतं?"
सांचो गप्प बसला. त्याने पाण्याच्या टाक्या आयुष्यभर पाहिल्या होत्या. एकीलाही कधी तोफ नव्हती.
"मालक, शिपाई खोटं कशाला बोलेल?"
म्हाताऱ्याने पणजोबांच्या चिलखताचा पट्टा घट्ट केला.

यात वर्ष कुठेच सांगितलेलं नाही बघा, युद्धाचं नाव नाही. काळ तीन गोष्टींतून येतो, ताडपत्री, इंजिन, शिपाई काय सांगतो. आणि सांचो सांचोच आहे, शिपायाने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा, व्यवहारी, फक्त यावेळी त्याचा व्यवहारीपणा चुकतोय.

काळाला नाही म्हणू द्या

नवीन लिहिणारे बहुतेक जण कॅरेक्टरवर इतकं प्रेम करतात की नव्या काळात त्याची सगळी सोय लावून देतात. असं करू नका. काळाने त्याला कुठे अडवलं पाहिजे ते शोधा, गोष्ट तिथेच असते.

समजा होम्सला १७२० च्या लंडनमध्ये न्यायचंय. पहिल्यांदा आठवतं ते बोटांचे ठसे नाहीत. बरोबर, ठशावरून खुनी सापडल्याची पहिली केस १८९२ ची, अर्जेंटिनातली, आणि लंडनच्या पोलिसांनी ठशांचा विभाग काढला १९०१ मध्ये. पण खरं सांगायचं तर हे त्याला फारसं नडत नाही, त्याचा गाभा नीट बघण्यात आहे, आणि चिखल, राख, बुटाचा तळवा हे सगळ्या काळात असतं. नडतं ते वेगळंच. लंडनला पगारी पोलीस दलच १८२९ मध्ये मिळालं. मग १७२० मध्ये ज्याच्यापेक्षा हा हुशार ठरतो तो इन्स्पेक्टर कुठून आणणार? आणि याला पैसे कोण देणार?

उत्तर शोधायला गेलं की काळ स्वतःच प्लॉट हातात देतो. तेव्हा दरोडेखोर पकडून देऊन शिक्षा झाली की सरकार ४० पौंड इनाम द्यायचं, आणि त्यावर जगणारे लोक होते. त्यातला सगळ्यात नावाजलेला जोनाथन वाइल्ड, चोर पकडून देणारा म्हणून मान, चोरीचा माल मालकाला परत मिळवून देणारा म्हणून नाव, आणि आतून चोरांची टोळी तोच चालवायचा. चोरावर मोर! १७२५ मध्ये त्याला फाशी झाली. आता अशा शहरात एक माणूस येतो आणि तुमच्याकडे नुसतं बघून सांगतो की तुमचं घड्याळ कुणी नेलं. लोक वा वा म्हणतील का? लोक म्हणतील यानेच नेलं असणार. १८९० मध्ये ज्या हुशारीने त्याला मान मिळतो तीच हुशारी १७२० मध्ये त्याला फासापर्यंत नेऊ शकते, आणि कॅरेक्टर तसूभरही बदललेलं नाही.

याच्या उलट चूक पण होते, त्या काळी हे शक्यच नव्हतं असं आपणच ठरवून टाकणं, आणि बाईचं कॅरेक्टर असलं की तर हमखास. जेम्स बॅरी नावाचा ब्रिटिश लष्कराचा सर्जन होता, १८१२ मध्ये एडिनबरातून डॉक्टर झाला, मोठ्या हुद्द्यापर्यंत गेला, १८६५ मध्ये वारला आणि मग बाहेर आलं की जन्माने ती मुलगी होती, मार्गारेट बल्कली. म्हणजे नियम काय होता ते तर शोधाच, पण नियम मोडून कोण कसं जगलं तेही शोधा, त्याची काय किंमत मोजावी लागली ते शोधा. तुमच्या नायिकेला काळाने दार बंद केलं म्हणून ती घरात बसली हे एक, आणि ती आत गेली पण आयुष्यभर कुणासमोर आजारी पडू शकली नाही हे दुसरं, दोन्ही लिहिता येतं. दार होतंच कुठे असं लिहू नका एवढंच.

या चार गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

बातमी किती दिवसांत पोचते. माझं जिथे चुकलं ते. १८१२ मध्ये सुरू झालेलं ब्रिटन-अमेरिका युद्ध मिटवायचा तह २४ डिसेंबर १८१४ ला गेंटमध्ये झाला, आणि न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई झाली ८ जानेवारी १८१५ ला, कारण समुद्रापलीकडे तहाची बातमीच गेली नव्हती. तह झाल्यावर दोन आठवड्यांनी माणसं मेली. अटलांटिकखालून तार कायमची चालू झाली १८६६ मध्ये. तुमची गोष्ट या तारेच्या आधीची आहे की नंतरची यावर निम्मा प्लॉट ठरतो, गैरसमज किती दिवस टिकतो, माफी वेळेत पोचते का, सगळं. मी आता गोष्ट लिहायच्या आधी एक छोटी यादी करते, इथून तिथे माणूस किती दिवसांत, पत्र किती दिवसांत, अफवा किती दिवसांत. अफवा नेहमी पत्राच्या पुढे असते.

तारीख. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, कॅलेंडर बदललं म्हणून. रशियात हेच १९१८ मध्ये झालं, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. तोवर रशियातली तारीख आणि पॅरिसमधली तारीख वेगवेगळी होती, त्यामुळे तुमच्या नायकाने तिथून इकडे पत्र पाठवलं तर वर कुठली तारीख लिहिली तेही बघा. रहस्यकथेवाल्यांना तर हे सोन्यासारखं आहे.

अंधार. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले १८०७ मध्ये, त्याआधी रात्री रस्त्यावर तोंड ओळखणं म्हणजे चंद्र हवा नाहीतर हातात उजेड हवा. खिडकीतून पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखला असं लिहिलं असेल तर थांबा.

दुखणं. इथर देऊन ऑपरेशन १८४६ पासून, पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं ते १९४० च्या दशकात. त्याआधी साधी जखम पिकली तरी माणूस जायचा, त्यामुळे तुमचा हीरो खांद्याला गोळी लागून पुढच्या चॅप्टरमध्ये भिंतीवर चढत असेल तर तो काळ खोटा वाटतो.

भाषेचं काय करायचं

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. जुना काळ म्हणून सगळ्यांच्या तोंडी हे आर्यपुत्र, हे वत्स घालू नका, ते नाटकातलं मराठी आहे, कुठल्याच माणसाचं रोजचं बोलणं तसं नसतं. साधं बोलीतलं मराठी चालतं, फक्त त्यात लपलेली यंत्रं वेचून काढा. आपल्या बोलण्यात ती किती भरलीयत हे लिहायला बसलं की कळतं. गाडी रुळावर आली, फ्यूज उडाला, बॅटरी संपली, ब्रेक लावला, डोक्यात ट्यूब पेटली, हे सगळं आपण न कळत लिहून जातो आणि गोष्ट असते चौदाव्या शतकातली. पाच मिनिटांत येतो हेसुद्धा घड्याळाचं वाक्य आहे. त्याऐवजी वात विझायच्या आत येतो म्हणलं की काळ पण आला आणि घाई पण आली.

आणि मराठीत आपल्याकडे एक हत्यार आहे जे फुकट पडून असतं, तू, तुम्ही, आपण. कोण कुणाला काय म्हणतं एवढ्यावर अख्खी समाजाची उतरंड दाखवता येते. माझा सांचो म्हाताऱ्याला मालक, तुम्ही म्हणतो. आजच्या काळात जोडी आणली तर तो कदाचित अरे म्हणेल. आणि तो तुम्हीवरून तूवर नेमका कधी येतो, तो सीन राखून ठेवा, उगाच मधेच वापरून टाकू नका.

कॉपीराइटचं थोडक्यात, छापायचं असेल तर बघून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपात ७०. किहोते, होम्स असली जुनी मंडळी मोकळी आहेत, पण एखाद्या नव्या सिनेमाने त्यांच्यात जे घातलंय ते मोकळं नसतं, त्यामुळे उचलताना मूळ पुस्तकातूनच उचला.

लिहून झालं की अशा कुणालातरी वाचायला द्या ज्याला मूळ कॅरेक्टर माहितीये पण तुम्ही कोण घेतलंय हे सांगितलेलं नाही, नावं बदलून द्या. हा कोण ते न सांगता ओळखलं तर डावीकडचा कागद बरोबर होता. नाही ओळखलं तर कपड्यांना हात लावू नका, परत त्या कागदाकडे जा, तिथे काहीतरी राहिलंय.

माझं किहोतेवालं अजून चालूच आहे. सगळं बसलं होतं पण सांचोचं बेट बसत नव्हतं, १९१६ मध्ये शेतकऱ्याला बेट म्हणून काय कबूल करायचं? मूळ गोष्टीच्या दुसऱ्या भागात त्याला राज्य खरंच मिळतं, एका सरदाराने चेष्टा म्हणून दिलेलं, आणि थोड्याच दिवसांत तो ते आपणहून सोडून निघतो. खूप दिवस अडले होते. मग युद्धानंतरचं वाचताना कळलं की फ्रान्सने आघाडीवरच्या काही जमिनीला लाल पट्टा ठरवलं होतं, जिथे न फुटलेले तोफगोळे मातीत इतके होते की नांगर घालायला बंदी. सांचोला मालक कबूल करतो ते शेत आहे आता, नदीकाठचं, काळ्या मातीचं. ते त्याला मिळतं सुद्धा, कागदावर सही-शिक्क्यासकट. शेवटच्या सीनमध्ये तो बांधावर उभा आहे आणि बैल आत जायला मागत नाहीयेत.